नकाशेकाकांचा घोडेस्वार

पहिल्या भेटीत काकांनी मला बूट काढायला लावले.

डिसेंबरची सकाळ होती. मी पुण्याहून गुडगावला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं, "संडेला आपली मराठी मंडळी जंगलात फिरायला जातात, चल ना यार, घरी बसून काय करणार," म्हणत मला रजईतून उपसून आणलं होतं. जंगल म्हणजे अरवलीच्या टेकड्यांचा एक राखलेला तुकडा. एका अंगाला मेट्रोचा पूल, दुसऱ्या अंगाला काचेच्या कचेऱ्या आणि डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. फाटकापाशी माकडटोपी घातलेले एक काटकुळे गृहस्थ उभे होते. हातात लांब दांड्याची छत्री, पायात कचेरीत घालतात तसले काळे, नाडीचे बूट.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"पुणे."

"बूट काढ, पुणे. मोजेसुद्धा. दहा पावलं चाल. पायांना कळू दे कुठं आणलंयस त्यांना."

मी घरमालकाशी दीड तास वाद घालू शकणारी बाई. पण मुकाट्यानं मोजे काढले. गारगोटीचे ते खडे तळव्यांना असे काही बोचले, की माझ्या तोंडून चारचौघांत न शोभणारा एक शब्द बाहेर पडला. काका खूश झाले. "हं. आता घाल. ह्या टेकड्या आपल्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी म्हाताऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या घरी आधी वाकायचं, मग बोलायचं."

माणूस चक्रम आहे हे मला तिथंच कळलं. पुढच्या रविवारी मी परत गेले, म्हणजे मी कोण ते तुम्हीच ठरवा.

काका मूळचे साताऱ्याकडचे. एका सरकारी कचेरीत त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना नकाशेकाका म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांची हिंदी सातारच्या स्टँडवरून पुढं सरकली नव्हती. "भैया, उधर मत जाव, उधर काटा टोचता है," असं ते जंगलाच्या रखवालदाराला बजावायचे. रखवालदार हरियाणाचा. तो मुद्दाम दहा वेळा "किधर, बाबूजी?" विचारायचा, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. माणसांना ते गावाच्या नावानं हाका मारत. मी पुणे, माझी मैत्रीण बोरिवली, गाझियाबादहून येणारं जोडपं धुळे आणि सौभाग्यवती धुळे. तिला ते फार लागलं होतं, कारण ती नाशिकची.

आणि झाडांचे नातेवाईक. धौ नावाचं एक झाड तिथं डोंगरभर आहे, ते काकांच्या मते आपल्या धावड्याचा चुलतभाऊ. हिंगोट म्हणजे आपलं हिंगणबेट. ढाक म्हणजे पळस, "हा तर घरचाच". दिल्लीत वाढलेली पोरं नीलगाय बघून ओरडली की काका छत्री आपटायचे. "रोही म्हण. तुझ्या आजोबांच्या शेतात शिरायची तेव्हा रोहीच होती ती." पोरं घाबरून रोही म्हणायची आणि गाडीत बसल्यावर आईला विचारायची की रोही म्हणजे नक्की काय.

फेरी संपली की काका स्टीलच्या डब्यातून दडपे पोहे काढत. स्वतः केलेले, खोबरं सढळ हातानं घातलेले. पण ते असे मिळायचे नाहीत. डोळ्यांवर मफलर बांधून तीन झाडांची साल चाचपायची आणि नावं सांगायची. कंपनीत दोनशे माणसं सांभाळणारे लोक खैराला मिठी मारून उभे असत आणि काका म्हणत, "नाही, नाही, अजून नीट विचार त्याला." विलायती बाभळीचं रोप दिसलं की काका ते उपटत, पण आधी त्याची माफी मागत. "तुझी चूक नाही बाळा. तुला आणणाऱ्याची." मग फट्कन ओढत. एकदा कुणी धावपटू मोबाईलवर गाणी लावून पळत होता. काका त्याच्या वाटेत छत्री आडवी धरून म्हणाले, "पाच मिनट मोर को सुनो. अच्छा नहीं लगा तो हमको बोलो." तो बिचारा खरंच पाच मिनिटं थांबला.

आता त्यांच्या नकाशांबद्दल. त्या जंगलात चार पायवाटा आहेत, दगडांवर रंगाचे बाण काढलेल्या. पूर्वी तिथं खाणी होत्या. त्याआधी एक गाव होतं, ते खाणींसाठी उठवलं. खाणी बंद झाल्या, खड्ड्यांत पाणी साचलं, त्यांची तळी झाली. हे सगळं काकांनी पावलं मोजून कागदावर उतरवलं होतं. कागद कसला, लग्नपत्रिकांच्या पाठी. "पुठ्ठा चांगला असतो, आणि लग्न झाल्यावर पत्रिकेचं करायचं काय?" जुना बांध, पडकी विहीर, मोर झोपतात ते झाड, सगळं बारीक अक्षरात. प्रत्येक नकाशाला क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाला दिला ते वहीत टिपलेलं. मला मिळाला तो एक्क्याऐंशी नंबरचा. मागं कुणा चि. आणि चि. सौ. कां.चं शुभमंगल.

नोकरीत असताना एका साहेबानं त्यांना नकाशात एक तळं दाखवायला सांगितलं होतं. तळं खोदलंच नव्हतं, पण कागदावर हवं होतं. काका म्हणाले, "साहेब, बदली करा. तळं निघणार नाही." बदली झाली. तीन वर्षं तळघरातल्या जुन्या कागदांत बसले. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळली. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, नकाशा म्हणजे शपथेवरचं बोलणं. त्यावर भरवसा ठेवून माणूस पाऊल टाकतो."

असा हा माणूस. आणि त्याच माणसाच्या नकाशात लाल शाईनं एक जागा दाखवलेली होती: मराठा घोडेस्वाराची समाधी.

ती त्यांनीच शोधली होती, माझ्या येण्याआधी. विलायती बाभळीच्या जाळीत गुडघाभर उंचीचा चुन्याचा ओटा, आणि त्याला टेकवलेली एक शिळा. शिळेवर घोड्यावर बसलेला, हातात भाला घेतलेला माणूस. घोड्याच्या खुरांखाली एक नागमोडी रेघ. आपल्याकडं गावोगाव वीरगळ असतात, लढाईत पडलेल्याच्या आठवणीचे दगड. साताऱ्याकडच्या माणसानं घोडा, भाला आणि दगड बघितल्यावर दुसरं काय मनात येणार? पानिपत तिथून गाडीनं दोन-अडीच तासांवर. "ही रेघ म्हणजे यमुना," काका सांगायचे. "हिच्या काठाकाठानं, जखमी अवस्थेत, घोडा दामटत इथवर आला. घरी जायला निघाला होता." हे सांगताना त्यांचा आवाज हलायचा. आमचाही हलायचा. घरापासून लांब असलेल्या माणसांना दुसरं काय लागतं? नोएडाच्या विसाव्या मजल्यावर राहणारी, दिल्लीच्या द्वारकेत राहणारी, सगळी मंडळी त्या ओट्यापाशी आली की मोबाईल बंद करायची. संक्रांतीच्या सुमारास तिथं फुलं वाहायची आणि तिळगूळ ठेवायचा, अशी पद्धतच पडून गेली.

मग आमच्या मराठी मंडळानं ठरवलं की समाधीची नीट व्यवस्था व्हायला हवी. चारी बाजूंनी लोखंडी कठडा, त्याला कुलूप आणि तीन भाषांत फलक. मंडळाचे अध्यक्ष नोएडात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कामाला वाघ. त्यांनी जंगलाच्या कचेरीतून परवानगी आणली. फलकाचा मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी "रणधुरंधर" हा शब्द त्यात घातला आणि स्वतःवर खूश झाले.

भाद्रपदात एका सकाळी मी आणि काका कठड्याची मापं घ्यायला गेलो. ओट्यापाशी एक म्हातारी बाई बसली होती. लाल ओढणी, पायांत जाड चांदीचे वाळे, शेजारी दुधाचा लोटा आणि वाटीत शेवया. शिळेला तिनं निळं फडकं गुंडाळलं होतं. काका म्हणाले, "माताजी, ये क्या करता है आप?"

"गुग्गा की पूजा करूँ सूँ, भाई," ती म्हणाली. मग आम्हाला काही कळलं नाही हे बघून तिनं लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. गुग्गा पीर म्हणजे घोड्यावरचा देव. सापांपासून राखतो. हिंदू-मुसलमान सगळे त्याला मानतात. गाव इथं होतं तेव्हा तिची सासू इथंच दूध घालायची, सासूची सासूही. गाव उठलं, लांब नेऊन वसवलं. पण देव थोडाच उठतो. दर भाद्रपदात त्या बायका मागच्या भिंतीच्या खिंडारातून येतात.

काकांनी छत्रीचं टोक शिळेकडं केलं. "और ये नदी?"

"नदी कित सै?" ती हसली. "यो तो नाग सै." आणि तिनं लोट्यातलं दूध त्या रेघेवर ओतलं. ओल्या दगडावर रेघ काळी झाली, आणि तिच्या टोकाला इतकी वर्षं आम्हाला कुणालाच न दिसलेला फणा दिसला. त्यावर दोन डोळेसुद्धा होते.

बाईनं काकांच्या बुटांकडं बघून त्यांना सरकारी साहेब ठरवलं असावं. म्हणाली, "सुण्या सै इब ताळा लागैगा. एक चाबी हमनै भी दे दियो, साहब." काकांनी मापाची टेप गुंडाळून खिशात घातली.

परतताना मी म्हटलं, "काका, एवढं काय त्यात. फलकावर 'असे मानले जाते' असं लिहू."

"कोण मानतं?" ते थांबले. "मी बोललो. माझं ऐकून तू लिहिलंस. तुझं वाचून सगळे मानणार. आणि ती बाई कुलपाबाहेर."

"मग सांगून टाका अध्यक्षांना."

ते बराच वेळ छत्रीनं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "पुणे, मला ह्या लोकांशिवाय इथं आहे कोण गं? गणपतीला घरोघरी बोलावतात. आजारी पडलो तर धुळेबाई डबा घेऊन येते. हे सगळं त्या घोडेस्वारामुळं. त्याच्याआधी मी नुसता एक म्हातारा होतो, झाडांशी बोलणारा."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. ते गप्प राहिले तर मलाही गप्प राहता येणार होतं. ते राहिलेही. चार महिने. दोन-तीन रविवारी तर आलेच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. कठडा बसला, कुलूप लागलं, फलकावर भगवं कापड चढलं. मी काकांना फोन केला की इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची आणि ठेवून द्यायची.

जानेवारीत फलकाच्या अनावरणाच्या रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. बायका नऊवारी नेसून आल्या होत्या, खाली स्पोर्ट्स शूज. अध्यक्षांनी काकांची ओळख करून दिली, शाल घातली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. काका पुढं झाले. बोलायच्या आधी त्यांनी अध्यक्षांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, कठड्यातून हात आत घातला आणि सगळं पाणी शिळेवर ओतलं.

"जवळ या," ते म्हणाले. "ही यमुना नाही. हा नाग आहे. फणा बघा. हा घोडेस्वार आपला नाही, इथल्या उठवलेल्या गावाचा देव आहे. त्यांच्या बायका अजून पूजेला येतात. चूक माझी. गेल्या भाद्रपदात मला कळलं आणि मी चार महिने घाबरून गप्प बसलो. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी."

कुणीतरी म्हणालं, "काकांची तब्येत बरी दिसत नाही." अध्यक्ष म्हणाले, "काका, ह्याला पुरावा काय पण?"

"माझ्याकडं आधीही पुरावा नव्हता," काका म्हणाले. "तेव्हा तुम्ही कुणी मागितला नाही."

मागं उभी असलेली एक बाई रडायला लागली. ती दरवर्षी आपल्या मुलाला आणायची, त्याला सगळी गोष्ट तोंडपाठ होती. "त्याला काय सांगू मी आता?" ती म्हणाली. काका म्हणाले, "सांग, काका चुकले. मुलांना कळायला हवं मोठी माणसं चुकतात ते."

मी हातात फलकाचा मजकूर घेऊन उभी होते. मला सगळं ठाऊक होतं, मी साक्षीला होते. एक शब्द बोलले नाही. आजही आठवलं की कानशिलं तापतात. माणसं हळूहळू गाड्यांकडं गेली. अध्यक्षांनी किल्ली खिशात टाकली. जाताना शालीचं काय करायचं ते काकांना कळेना. शेवटी त्यांनी ती घडी करून माझ्याकडं दिली.

पुढच्या रविवारी चाळिसांऐवजी आम्ही चौघं होतो. पोहे सगळ्यांना साल न चाचपता मिळाले.

माझी समजूत होती की विषय संपला. काकांची नव्हती. त्यांनी वही काढली, एकशे बारा नकाशे कुणाकुणाकडं आहेत ते बघितलं आणि तेवढे नवे काढायला बसले. चूक जिथं जिथं गेली तिथून ती परत आणायची, हा त्यांचा हिशेब. मग मेट्रोनं, रिक्षानं, पायी, एकेक दार. "जुना नकाशा द्या, हा घ्या." मी शनिवारी बरोबर जायची. एवढं तरी. द्वारकेत एकांनी आत बोलावून चहा दिला आणि नकाशा हरवला म्हणून सांगितलं. तो त्यांच्या मागं भिंतीवर फ्रेममध्ये लटकत होता. काका म्हणाले, "मिळाला की कळवा," आणि चहा छान झालाय म्हणाले. एका घरी साखळीच्या फटीतून नकाशा फाडून बाहेर फेकला. काकांनी तुकडे वेचले, मोजले, पाकिटात घातले आणि वहीत खूण केली. गाझियाबादच्या धुळेबाईंनी मात्र त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

अध्यक्षांकडं आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले नाहीत. "काका, चारचौघांत तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत."

"मी पडलो," काका म्हणाले. "तुम्ही फक्त जवळ उभे होतात."

अध्यक्ष आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आम्ही जिन्यात उभे. मग ते नकाशा घेऊन आले, आणि नकाशाबरोबर कठड्याची किल्ली. म्हणाले, "मी परवा एकटाच जाऊन आलो. पाणी ओतून बघितलं." आणि दार लावून घेतलं.

त्या वर्षीच्या भाद्रपदात मी रजा टाकून काकांबरोबर गेले. कुलूप काकांनी स्वतः उघडलं. सात-आठ बायका आल्या होत्या, त्यांत ती म्हातारी. काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग, कशाला ते मला त्या वेळी कळलं नाही, पण खाली बसून त्यांनी तिला आपल्या त्या हिंदीत सगळं सांगितलं. आम्ही लांबून आलेले लोक. उधर पानिपत में हमारा बहुत आदमी मरा. बहुत लोगों का पता ही नहीं लगा. तो हमको लगा, उनमें का एक इधर है. माफ करो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. पानिपत तिला माहीत होतं, तिची धाकटी लेक तिकडं दिली होती. "घर नहीं पहुँचे?" तिनं विचारलं.

"नहीं."

"नाम के था उसका?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. नाव असतं तर.

तिनं शेवयांची एक वाटी गुग्ग्यापुढं ठेवली होती. शेजारणीकडून दुसरी वाटी मागून घेतली, तीत शेवया घातल्या, वर दूध ओतलं, आणि ओट्याच्या एका कडेला, घोड्यापासून जरा हटून, बोटानं माती पुसून जागा केली. "ले," ती म्हणाली. "इसनै तू धर. थारे आदमी की सै. वो भी भूखा ए गया होगा."

काकांनी हात पुढं केले. पण वाटी घ्यायच्या ऐवजी त्यांनी ते तिच्यापुढं जोडले. मग मी पुढं झाले आणि ती वाटी ठेवली.